ठणका की स्पंदनशील वेदना?

गेल्या पावसाळ्यात मी एका संस्थेसाठी रुग्णांनी भरायच्या अर्जाचं मराठी भाषांतर केलं. काम छोटं, आठ पानांचं. त्यात एका पानावर ‘दुखणं कसं आहे?’ असा प्रश्न होता आणि खाली खूण करायला शब्दांची यादी. मी लिहिलं : ठणका, ठुसठुस, चमक, जळजळ, चुरचुर, झिणझिण्या, भगभग. आठवड्याभरात तपासलेली प्रत परत आली. ‘ठणका’ जाऊन तिथे ‘स्पंदनशील वेदना’ आली होती. ‘चुरचुर’ची ‘सौम्य दाहयुक्त संवेदना’ झाली होती आणि ‘झिणझिण्यां’ची ‘सुन्नतासदृश संवेदना’. शेजारी शेरा होता : ‘भाषा औपचारिक ठेवावी. बालिश व बोलीतील शब्द टाळावेत.’

संध्याकाळी दोन्ही याद्या मी आईला वाचून दाखवल्या. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, शाळा सातवीपर्यंत. पहिली यादी वाचायला लागले तशी ती दर शब्दाला शरीरातली जागा सांगत गेली. ‘ठणका गळवाचा. दाढेचाही. ठुसठुस म्हणजे काटा आत राहिला की होते ती. चमक पाठीत भरते. चुरचुर डोळ्यांत, नाहीतर खरचटल्यावर पाणी लागलं की. झिणझिण्या पायाला, मांडी मोडून उठताना. भगभग तळपायांची.’ मग मी दुसरी यादी वाचली. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि म्हणाली, ‘हे कुणाला होतं गं?’

हा लेख त्या शेऱ्याबद्दल आहे, विशेषतः त्यातल्या ‘बालिश’ या शब्दाबद्दल. आवाजाची नक्कल करून तयार झालेल्या शब्दांना आपण लिखाणाच्या दारात अडवतो. मुलाच्या निबंधात ‘पाऊस धो धो कोसळत होता’ चालतं, अर्जात चालत नाही, पाठ्यपुस्तकातल्या विज्ञानाच्या धड्यात चालत नाही, हवामानाच्या बातमीत तर नाहीच. गंमतीसाठी, गाण्यासाठी, लहान मुलांसाठी ते ठेवायचे आणि काही नेमकं सांगायचं असलं की संस्कृतातून घडवलेला शब्द आणायचा, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. माझं म्हणणं आहे की ही वाटणी उलटी आहे. शरीराला, कानाला, जिभेला, त्वचेला जे जाणवतं ते नेमकं सांगायची वेळ येते तेव्हा मराठीत या शब्दांइतका अचूक शब्दसाठा दुसरा नाही. तो सोडला तर नुकसान होतं, आणि ते नुकसान कधी कधी औषधाच्या चिठ्ठीपर्यंत जातं.

आईचंच सांगते. तीन वर्षांपूर्वी तिचे पाय दुखत होते. एका दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी विचारलं, ‘किती दुखतं? शून्य ते दहामध्ये सांगा.’ ती म्हणाली, ‘पाच-सहा असेल.’ केसपेपरवर ‘पाय दुखणे’ इतकंच लिहिलं गेलं आणि दुखणं कमी करायच्या गोळ्या मिळाल्या. चार महिने त्या घेतल्या. मग गावाकडच्या एका वयस्कर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आकडा विचारला नाही. ‘कसे दुखतात आजी? ठणकतात, गोळे येतात, की भगभगतात?’ आई म्हणाली, ‘भगभगतात. रात्री पांघरूण पायावर सहन होत नाही. आणि मुंग्या येतात, झिणझिण झिणझिण.’ त्यांनी ट्यूनिंग फोर्क काढून तिच्या अंगठ्याच्या आणि घोट्याच्या हाडावर टेकवला, थरथर जाणवते का विचारलं. तिला अंगठ्यापाशी काहीच जाणवत नव्हतं. मग रक्तातली साखर तपासली. ती बरीच वाढलेली निघाली. मधुमेहात नसांना इजा होते तेव्हा तळपायांची आग आणि झिणझिण्या ही तक्रार बऱ्याचदा असते. ‘दुखतात’ म्हटल्यावर हाड, स्नायू, रक्तवाहिनी, नस असं काहीही असू शकतं. ‘भगभगतात’ म्हटल्यावर डॉक्टरांची नजर थेट नसांकडे गेली. हा एक शब्द पहिल्या दिवशी विचारला असता तर चार महिने वाचले असते.

पू धरलेल्या जागी नाडीच्या ठोक्यासरशी दुखणं वर येतं, ते ठणकणं. त्या शब्दातच ठोका आहे. छातीत जळजळ वेगळी, धडधड वेगळी, घरघर वेगळी : एक आम्लपित्ताकडे बोट दाखवते, दुसरी हृदयाच्या ठोक्यांकडे, तिसरी श्वासनळीकडे. घशात खवखव असते, पोटात गुरगुर, अन्नावर मळमळ, डोकं भणभणतं किंवा गरगरतं. भणभणणं आणि गरगरणं यांत डॉक्टरच्या लेखी जमीनअस्मानाचा फरक आहे. अंग हुळहुळं होतं तेव्हा नुसता स्पर्श नकोसा वाटतो. ही सगळी यादी कुणी बसून तयार केलेली नाही. पिढ्यान् पिढ्या आजारी माणसांनी आणि त्यांच्या उशाशी बसलेल्यांनी ती घासून घासून अशी धारदार केली आहे.

दुखण्याच्या शब्दांना वैद्यकात किंमत आहे हे मी आज नव्याने सांगते आहे असंही नाही. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. दुखणं सांगणारे ७८ शब्द त्यांनी २० गटांत मांडले. त्यामागचा विचार साधा होता : दुखणं किती आहे हे जितकं महत्त्वाचं, तितकंच ते कसं आहे हेही. जपानमध्ये तर डॉक्टर आणि रुग्ण यांच्या बोलण्यात नादशब्द अगदी रोजचे आहेत. डोकं ‘झुकिझुकि’ दुखतं म्हणजे ठणकतं, ‘गानगान’ दुखतं म्हणजे आत कुणी घण घालतंय असं, ‘चिकुचिकु’ म्हणजे टोचतं. तिथे हे शब्द बालिश ठरवून कुणी दवाखान्याबाहेर काढले नाहीत. आपल्याकडे २०१९पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात सुरुवातीच्या पायाभूत वर्गांमध्ये स्थानिक भाषेची ओळख करून देण्याची तरतूद आली. परराज्यातून महाराष्ट्रात शिकायला आलेल्या मुलांसाठी ती फार मोलाची आहे. पण त्या वर्गात काय शिकवायचं? ‘आपलं नाव काय’, ‘आपण कुठे राहता’ हे ती मुलं आठ दिवसांत रिक्षावाल्याकडून शिकतील. ठणका, ठुसठुस, भगभग आणि झिणझिण्या हे मात्र कुणीतरी बसवून शिकवायला हवं, कारण रुग्ण तेच बोलणार आहे.

यावर एक आक्षेप मला मान्य आहे. हे शब्द सगळीकडे सारखे नाहीत. सावंतवाडीच्या माणसाची चुरचुर आणि यवतमाळच्या माणसाची चुरचुर अगदी एकच असेल याची खात्री मी देणार नाही. काही भागांत ठुसठुस म्हणतात तिथे दुसरीकडे ठसठस म्हणतात. पण यावरचा उपाय ‘स्पंदनशील वेदना’ हा नव्हे, कारण ती तर कुठल्याच गावात कुणाला होत नाही. जिथे शब्द बदलतो तिथे दोन्ही लिहावेत, आणि शेजारी एक ओळ साधा खुलासा द्यावा : ‘नाडीच्या ठोक्याबरोबर कमी-जास्त होणारं दुखणं’. अर्जात जागा असते. ती तीन सामासिक शब्दांनी भरण्याऐवजी अशी भरावी.

आता ‘बालिश’बद्दल. हा समज का झाला ते कळण्यासारखं आहे. मूल बोलायला लागतं ते चिऊ, काऊ, माऊ, भूभू, हम्मा यांच्यापासून. गाडी म्हणजे झुकझुक, मोटरसायकल म्हणजे फटफटी. मग मोठं होणं म्हणजे हे शब्द टाकून देणं, असं नकळत डोक्यात बसतं. पण मूल तिथून का सुरुवात करतं याचा विचार केला तर चित्र पालटतं. मुत्सुमी इमाई आणि सोतारो किता या संशोधकांनी २००८ साली जपानी मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. चालण्याच्या निरनिराळ्या ढबींसाठी त्यांनी नवे शब्द बनवले. ज्यांचा आवाज त्या चालीशी जुळत होता ते क्रियाशब्द तीन वर्षांच्या मुलांना जास्त सहज शिकता आले. पुढे इंग्रजी बोलणाऱ्या मुलांमध्येही तसंच दिसलं. म्हणजे नाद हा अर्थाकडे जाण्याचा जवळचा रस्ता आहे. लहानपणी तो रस्ता उपयोगी पडतो म्हणून मोठेपणी तो बंद करायचं काहीच कारण नाही.

शाळेच्या व्याकरणात या शब्दांची बोळवण तर फारच पटकन होते. साधित शब्द, त्यांतले अभ्यस्त शब्द, अभ्यस्तांचे पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक असे तीन प्रकार, शेवटच्याची चार उदाहरणं, एक गुण. आपल्या परंपरेत याकडे इतक्या उडत्या नजरेने पाहिलेलं नाही. प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काने निरुक्त या ग्रंथात ‘काक’ हा शब्द आवाजाच्या अनुकरणातून आला असं म्हटलं आणि पक्ष्यांच्या नावांत हे फार आढळतं असंही नोंदवलं. लगेच त्याने औपमन्यव या दुसऱ्या आचार्याचं विरुद्ध मतही दिलं, की शब्दानुकरण असं काही नसतंच. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी हा वादाचा गंभीर विषय होता. पाणिनीने ‘अव्यक्तानुकरण’ ही संज्ञा वापरून अशा शब्दांसाठी स्वतंत्र सूत्रं केली. ज्या आवाजात वर्ण वेगवेगळे उमटत नाहीत तो अव्यक्त, आणि त्याचं माणसाच्या वर्णांत केलेलं अनुकरण ते अव्यक्तानुकरण. इतकी नेमकी व्याख्या ज्या परंपरेत आहे तिथे आपण संस्कृतप्रचुरतेच्या नावाखाली हे शब्द खोडतो, याचं मला वाईट वाटतं.

या शब्दांना व्यवस्था नाही, मनाला येईल तसे ते बनतात, असाही एक समज आहे. जरा जवळून बघू. करकर, किरकिर, कुरकुर. व्यंजनं तीच, फक्त स्वर बदलला. नवी कोल्हापुरी चप्पल करकर वाजते. तापातलं लेकरू किरकिर करतं आणि रात्री रातकिड्यांची किर्र लागते. जुन्या पाळण्याची कडी कुरकुरते, आणि मनाविरुद्ध काम पडलं की माणूसही तोंडातल्या तोंडात कुरकुरतो. अ मोकळा आणि मोठा, इ बारीक आणि टोकदार, उ दबलेला, आत वळलेला. आता दुसरी तिकडी घ्या : भरभर, भिरभिर, भुरभुर. माणूस भरभर चालतो, नजर भिरभिरते, पाऊस भुरभुरतो आणि अनारशावर खसखस भुरभुरायची असते. बकुळीची फुलं टपटप पडतात, नळ टिपटिप गळतो. थेंब बारीक झाला की स्वर बारीक झाला. एडवर्ड सपीर या भाषाशास्त्रज्ञाने १९२९ साली लोकांना ‘मल’ आणि ‘मिल’ असे निरर्थक शब्द देऊन विचारलं होतं, की यातलं मोठं टेबल कोणतं आणि लहान कोणतं. बहुतेकांनी ‘मल’ मोठं सांगितलं. आपल्या आजीला हे कुणी विचारलं नव्हतं, पण तिची भाषा ते रोज पाळत होती.

मग प्रत्यय. एक ‘ठण’ घ्या. ठणठण, ठणकणे, ठणका, ठणकावणे, ठणठणीत, ठणठणाट. आजारातून उठलेला माणूस ठणठणीत बरा होतो, आणि घरात दाणा नसला की ठणठणाट असतो. एकाच आवाजातून धडधाकटपणाही आणि रितेपणाही कसा निघाला, याचं मला लहानपणी कोडं पडायचं. ते सुटलं एका उन्हाळ्यात, कुंभारवाड्यात. आई माठ घ्यायला गेली होती. कुंभारीण म्हणाली, ‘वाजवून घ्या ताई.’ आईने बोटाचं पेर वाकवून एकेका माठावर टिचकी मारली. पहिला ठणठण वाजला. दुसरा बद्द. दिसायला दोन्ही सारखेच, दोन्ही लालभडक. आईने दुसरा उचलून उन्हात धरला, तेव्हा गळ्याखाली केसासारखा तडा दिसला. ठणठण वाजणारा माठ रिकामा होता आणि अखंडही होता. त्या एका आवाजात दोन्ही गोष्टी होत्या आणि भाषेने दोन्ही उचलल्या.

‘बद्द’ हा शब्द मला या सगळ्यांत फार मोलाचा वाटतो. फुटक्या भांड्याचा, चिरलेल्या घंटेचा, खोट्या नाण्याचा आवाज बद्द. सराफ चांदीचं नाणं दगडावर टाकून ऐकायचे. खणखणीत वाजलं तर खरं. तिथूनच आपण ‘खणखणीत उत्तर’ म्हणतो, ‘त्याचं नाणं खणखणीत आहे’ म्हणतो. तडा गेला की कंपनं लांबवर टिकत नाहीत, विरून जातात, म्हणून आवाज बद्द येतो. हे भौतिकशास्त्र आहे. ध्वनीच्या धड्यात मुलांना एक चांगलं आणि एक तडा गेलेलं मडकं देऊन वाजवायला लावावं, ‘खणखणीत’ आणि ‘बद्द’ हे शब्द फळ्यावर लिहावेत आणि मग कंपनं, वारंवारता, आवाजाचं विरणं याकडे वळावं. मुलांच्या कानात जे आधीच आहे तिथून धडा सुरू होईल. आज तो व्याख्येपासून सुरू होतो.

भाषेत हे शब्द आवाजापाशीच थांबत नाहीत, हे सांगायलाच हवं. भाषाशास्त्रात अशा शब्दांना आयडिओफोन म्हणतात. मार्क डिंगेमान्से या अभ्यासकाने जगभरच्या भाषा पाहून २०१२ साली एक चढण मांडली. काही भाषांत असे शब्द फक्त आवाजांसाठी असतात. काहींत त्यापुढे हालचालींसाठी, मग दिसण्यासाठी, मग स्पर्श-चवीसाठी, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर मनाच्या आतल्या अवस्थांसाठी. मराठी त्या वरच्या पायरीवर केव्हाच जाऊन बसली आहे. चुळबुळ ही हालचाल, लुकलुक हे दिसणं, गुळगुळीत हा स्पर्श, झणझणीत ही चव, आणि शेवटी हुरहूर, तगमग, धुसफूस. काजव्याला आवाज नाही, तरी तो लुकलुकतो. हुरहूर लागते तेव्हा बाहेर काहीच वाजत नसतं. मुलगी परदेशी निघाली त्या दिवशी विमानतळावरून परतताना मला जे वाटलं त्याला ‘वियोगजन्य अस्वस्थता’ म्हटलं तर ती दुसऱ्याच कुणाची तरी वाटेल.

ती मुलगी आता जर्मनीत असते आणि स्वयंपाक फोनवरून शिकते. तिथल्या विजेच्या शेगडीवर आच किती ठेवायची हे मला सांगता येत नाही, कारण ती शेगडी मी पाहिलेली नाही. मी आवाज सांगते. ‘मोहरी तडतडू दे. थांबली की हिंग. कांदा टाकलास की चर्र व्हायला हवं, नुसतं सुस्स झालं तर तेल तापलं नाही. पिठलं खदखदलं की झाकण ठेव. आमटी रटारटा नको, मंद बुडबुडू दे.’ एकदा तिने फोन कढईजवळ धरला आणि विचारलं, ‘हे चर्र आहे का?’ मी म्हटलं, नाही, अजून दोन मिनिटं. सातासमुद्रापलीकडून तेलाचं तापमान मी कानाने मोजलं, आणि ते तिच्यापर्यंत पोचवायला आमच्या दोघींकडे एकच मोजपट्टी होती. खदखद म्हणजे दाट पदार्थातून मोठे बुडबुडे फुटणं. खळखळ म्हणजे पातळ पाण्याची उकळी. पिठलं खळखळत नाही आणि चहा खदखदत नाही. हे कुठल्याही पाककृतीच्या पुस्तकातल्या ‘मध्यम आचेवर शिजवा’पेक्षा जास्त सांगतं.

खाऊच्या पाकिटांवर मात्र सगळं ‘क्रिस्पी’ नाहीतर ‘क्रंची’ झालं आहे. कांद्याची भजी कुरकुरीत असतात. करंजी खुसखुशीत असते, म्हणजे दात लागताच विरघळल्यासारखी मोडते. कैरीची फोड करकरीत असते, तिच्यात पाणी आहे आणि ती ताजी आहे. करंजी कुरकुरीत झाली तर मोहन कमी पडलं, असं म्हणणारी घरं अजून आहेत. ‘क्रिस्पी करंजी’ छापणाऱ्याला तो फरक माहीत नाही किंवा त्याला त्याची पर्वा नाही. आणि पुढच्या पिढीच्या जिभेला तरी तो कळावा कसा? शब्द गेला की काही दिवसांनी चव ओळखणंही जातं, असं मला माझ्याच घरातल्या मुलांकडे बघून वाटतं.

पावसाबद्दल थोडं. हवामान खातं २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाला की त्याला जोरदार पावसात धरतं, त्यावर अति जोरदार, असं वर्गीकरण आहे. ते आवश्यकच आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, तो कुठल्या शब्दात मावणार? पण आकडा दिवसाची बेरीज सांगतो. पाऊस कसा पडला हे सांगत नाही. वीस मिलिमीटर पाऊस दिवसभर रिपरिप पडला तर काळ्या रानात मुरतो. तोच अर्ध्या तासात धो धो कोसळला तर माती घेऊन ओढ्याला जातो. पेरणीनंतर भुरभुर हवीशी असते, सोयाबीन काढणीला आलं असताना चार दिवसांची रिपरिप लागली की शेंगांतच दाण्याला कोंब फुटतात. शेतकरी एकमेकांना फोनवर विचारतात तेव्हा ‘किती झाला’च्या जोडीला ‘कसा झाला’ हेही विचारतात. सरी, रिमझिम, झिमझिम, रिपरिप, पिरपिर, भुरभुर, धो धो या शब्दांत पावसाची ताशी गती लपलेली आहे. मराठीतल्या हवामानाच्या बातमीने आकड्यापुढे यातला एक शब्द ठेवला तर शेतावरच्या माणसाला जास्त कळेल.

आणि पाऊस म्हटलं की पावशा. उन्हाळा सरता सरता तो ओरडतो ते आपल्या शेतकऱ्याला ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ असं ऐकू येतं. त्याच पक्ष्याच्या ओरडण्यात उत्तरेत ‘पी कहाँ’ ऐकतात, इंग्रजांनी ‘ब्रेन फीवर’ ऐकलं. पक्षी एकच, कंठ एकच. ऐकणारे कशाची वाट पाहत होते ते शब्दांत उतरलं.

नादशब्द त्या त्या भाषेचे असतात, तरी शेजारच्या भाषांशी त्यांचं नातंही असतं. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९६९ साली दाखवलं, की आवाजाची नक्कल करणारे असे दुहेरी शब्द भारतात भाषाकुळांच्या भिंती ओलांडून पसरले आहेत. आर्य भाषांत आहेत, द्रविड भाषांत आहेत, आणि त्यांची घडण सारखी आहे. ‘गडगड’ मराठीत ढगांचं आणि घरंगळणाऱ्या दगडांचं. कन्नड-तेलुगूत मात्र माणूस ‘गडगड’ कापतो, जिथे आपण थरथर किंवा लटलट म्हणतो. हे शब्द म्हणजे भाषांच्या शेजाराची साक्ष आहेत. मराठी आणि कानडी माणूस हजार वर्षं एकाच बाजारात उभे होते, हे ताम्रपटांइतकंच यांतूनही वाचता येतं.

एका गोष्टीत मी माझ्याच बाजूच्या लोकांना दोष देईन. वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी या शब्दांतले पाच-सात शब्द इतके बडवले आहेत की ते बद्द झाले आहेत. खळबळ, दणका, दणदणीत, धडाका, झटका, सणसणीत. रोज कुणाला तरी दणका बसतो, रोज कुठेतरी खळबळ माजते. त्यामुळे शिकलेल्या वाचकाला नादशब्द म्हणजे सवंग मथळा वाटू लागला, यात नवल नाही. पण दोष वापरणाऱ्याचा आहे. ज्या भाषेत शेकडो असे शब्द आहेत तिथे सहाच शब्दांवर धंदा चालवला तर ते झिजणारच. बातमीत ‘जुनी इमारत करकरत एका बाजूला कलली’ असं एखाद्या वार्ताहराने लिहिलं तर मी ते दोनदा वाचीन.

जतन करण्याचं म्हणाल तर पाया भक्कम आहे. मोल्सवर्थ या इंग्रज कोशकाराने १८३१च्या आणि मग १८५७च्या मराठी-इंग्रजी कोशात असे शब्द मानाने घेतले आणि त्यांच्यापुढे अनुकरणाची खूण केली. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत आला, त्यात व्युत्पत्तीच्या जागी ‘ध्व.’, म्हणजे आवाजावरून आलेला, असं लिहिलेले शब्द पानोपानी सापडतात. त्या काळात ‘ध्व.’ लिहूनच थांबावं लागत होतं, कागदाला आवाज नव्हता. आज आहे. मोटेचं चाक कुईकुई करायचं तो आवाज, जात्याची घरघर, रहाटाची कुरकुर हे ऐकलेली माणसं अजून आपल्यात आहेत, पण सत्तरीच्या पुढे. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. तेव्हापासून कधीतरी मराठी कानाने ‘झुकझुक’ टिपलं, आणि वाफेची इंजिनं गेली तरी लोकलमध्ये वाढलेलं मूल अजून झुकझुकच म्हणतं. शब्दात तो आवाज शिल्लक आहे, पण कशाचा होता ते त्या मुलाला माहीत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने होणाऱ्या कामांत शब्दाशेजारी आवाज ठेवणारा एक कोश व्हावा, अशी माझी फार इच्छा आहे. शाळेतल्या मुलांनी आपापल्या गावातले आवाज मोबाइलवर टिपावेत, आजी-आजोबांना विचारून शब्द लिहावा, कुणी बोललं, कुठल्या तालुक्यात, एवढी नोंद करावी. एका शाळेने एका वर्षात पन्नास शब्द केले तरी ते पन्नास वाचले.

अर्जाचं पुढे काय झालं ते सांगून थांबते. मी त्या संस्थेला लिहिलं की मूळ यादी ठेवावी, प्रत्येक शब्दासोबत खुलाशाची एक ओळ मी देईन, आणि छापण्याआधी दोन्ही नमुने दहा रुग्णांना दाखवावेत. त्यांनी रुग्णांना दाखवायचं मान्य केलं. मला बोलावलं नव्हतं, पण मी गेले आणि बाकावर बसून राहिले. साठीचा एक गृहस्थ, हाताला बँडेज, पहिल्या कागदावर बोट फिरवत ‘ठणका’पाशी थांबला आणि समोरच्या मुलीला म्हणाला, ‘हे. रात्री जास्त.’ दुसरा कागद त्याने उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, ‘यात माझं कुठंय?’ अंतिम प्रत अजून माझ्याकडे आलेली नाही. ‘झिणझिण्या’ राहतील असं त्यांनी फोनवर सांगितलं आहे, ‘भगभग’बद्दल त्यांची चर्चा चालू आहे. मी आईचा तेव्हाचा केसपेपर स्कॅन करून त्यांना पाठवला आहे.